काच, मोरचूद आणि मामाची नडगी

(या भागाचं हे लिखित रूप. बोलतानाची वाक्यं फारशी बदललेली नाहीत. वाचायला सोपं जावं म्हणून अधलेमधले ‘अं’, ‘म्हणजे’ तेवढे काढलेत.)

आज सुरुवात एका निळ्या बँडेजने करते.

माझा मामा दिंडोरी तालुक्यात राहतो. द्राक्षबागायतदार. तीन वर्षांपूर्वी, द्राक्षकाढणीच्या ऐन दिवसांत, रात्री नाशिकहून घरी जाताना म्हसरूळच्या पुढे त्याच्या मोटरसायकलला अपघात झाला. उजव्या पायाची नडगी तुटली, नुसती तुटली नाही तर हाड कातडी फाडून बाहेर आलं. ऑपरेशन झालं, आत रॉड बसवला, टाके निघाले. सगळ्यांना वाटलं, सुटलो.

दोन महिन्यांनी नडगीवर एक लाल टेंगूळ आलं. ते फुटलं आणि पू यायला लागला. मग सुरू झाला कल्चर रिपोर्ट, अँटिबायोटिक, दुसरं ऑपरेशन, पुन्हा अँटिबायोटिक असा फेरा. पू थांबायचा, पंधरा दिवसांनी पुन्हा यायचा. हाडात जंतू घर करून बसले होते. याला म्हणतात ऑस्टिओमायलायटिस. रिपोर्टमध्ये जंतूंच्या नावापुढे औषधांची यादी असते आणि प्रत्येक औषधापुढे एस किंवा आर. एस म्हणजे जंतूंवर हे औषध चालेल, आर म्हणजे चालणार नाही. मामाच्या कागदावर आर, आर, आर, आर, आणि मग खाली कुठेतरी दोन एस. मी बी. फार्म केलंय, त्यामुळे घरच्यांनी तो कागद माझ्या हातात दिला, ‘बघ गं, काय लिहिलंय.’ मला वाचता येत होता, हीच अडचण होती.

आणि एके दिवशी ड्रेसिंगसाठी पट्टी सोडली तर ती निळी!

मामाला विचारलं. तो आधी बोलेना. मग म्हणाला, ‘गाईच्या खुराला जखम झाली की मोरचुदाच्या पाण्यात उभं करतो. चार दिवसांत खडखडीत. म्हटलं गाईला चालतं तर मला काय धाड भरलीये?’ मोरचूद घरात होताच, बोर्डोसाठी आणलेला. त्याने तो पाण्यात कालवून जखमेच्या भोकात सोडला होता. दोनदा. जखमेची कड पांढरीफटक पडली होती, आणि आधी बरं होत आलेलं मांसही जळलं होतं.

डॉक्टर चिडले, अर्थात. पण चिडून झाल्यावर त्यांनी जे सांगितलं त्यावरूनच आजचा भाग सुचला. ते म्हणाले, ‘काका, तांब्याने जंतू मरतात हे खोटं नाही. पण तुम्ही जंतूंबरोबर स्वतःच्या पेशी पण मारल्या. जगात लोक हेच तांबं काचेत घालून हाडात ठेवायचं बघतायत. थेंबाथेंबाने सुटेल असं.’

काचेत? हाडात काच? मामा घरी येईपर्यंत गाडीत तेच बोलत होता. ‘हाडात काच घालणार म्हणे. आधीच काय कमी टोचतंय?’

तर मंडळी, आजचा विषय ही काच. हिला म्हणतात बायोॲक्टिव्ह ग्लास. आणि त्यातही तांबं, चांदी, जस्त असे धातू घातलेली, जंतू मारणारी काच.

पहिली गोष्ट. ही काच तुमच्यापैकी काहींच्या बाथरूममध्ये आत्ता आहे. दात शिवशिवतात म्हणून जी टूथपेस्ट घेतो ना, तिच्या काही प्रकारांच्या पाकिटावर बारीक अक्षरांत ‘कॅल्शियम सोडियम फॉस्फोसिलिकेट’ लिहिलेलं असतं. ती काचच. पिठासारखी बारीक केलेली. लाळेत ती विरघळते आणि दाताच्या उघड्या पडलेल्या बारीक नळ्यांवर दातासारख्याच खनिजाचा थर बसवते. हिरड्यांच्या आजारात दाताभोवतीचं हाड झिजतं, तिथे डेंटिस्ट जी पुट्टी भरतात तीही बऱ्याचदा याच काचेची असते. म्हणजे शरीरात काच घालणं हे काही विज्ञानकथेतलं नाही, आपल्या गल्लीतल्या दवाखान्यातलं आहे.

ही काच सापडली कशी, ते सांगते. १९६७ साल. अमेरिकेत फ्लोरिडा विद्यापीठातले लॅरी हेंच नावाचे प्राध्यापक एका परिषदेला बसने चालले होते. शेजारी बसलेला माणूस लष्करातला कर्नल, नुकताच व्हिएतनामहून परतलेला. हेंच काचेवर काम करायचे, रेडिएशनमध्ये टिकणाऱ्या पदार्थांवर. कर्नलने साधा प्रश्न विचारला: माणसाच्या शरीरात टिकेल असं काही बनवता येतं का तुम्हाला? कारण व्हिएतनाममध्ये जखमी सैनिकांचे हातपाय कापावे लागत होते. धातू किंवा प्लॅस्टिक आत बसवलं की शरीर त्याला परकं मानून भोवती जाड कातडीसारखं कवच तयार करायचं.

हेंचनी विचार उलटा केला. शरीराला परकं वाटू नये म्हणून पदार्थ गप्प बसणारा हवा, असं तोपर्यंत सगळे मानत होते. हेंच म्हणाले, गप्प कशाला? बोलका करू. हाडात जे असतं, कॅल्शियम आणि फॉस्फरस, तेच काचेत घालू. १९६९ मध्ये त्यांनी काच ओतली. वजनाने ४५ टक्के सिलिका, साडेचोवीस टक्के सोडियम ऑक्साइड, साडेचोवीस टक्के कॅल्शियम ऑक्साइड आणि ६ टक्के फॉस्फरस पेंटॉक्साइड. नाव ४५एस५. उंदरांच्या मांडीच्या हाडात तिचे तुकडे बसवले. सहा आठवड्यांनी ऑपरेशन करणाऱ्या सर्जनचा हेंचना निरोप आला, की तुमचे तुकडे हाडातून निघतच नाहीयेत. खेचले, ढकलले, हाडाला धक्का दिला, तरी नाही. हाड आणि काच एकजीव झाली होती.

आता हे होतं कसं, ते नीट सांगते. हे कळलं की धातूंचं पुढचं सगळं आपोआप कळेल.

खिडकीची काच घ्या. तिच्यात सत्तर टक्क्यांच्या आसपास सिलिका असते. सिलिकाची घट्ट जाळी, आणि तिच्या फटींत सोडियम, कॅल्शियम अडकलेलं. पावसात वर्षानुवर्षं राहिली तरी ती विरघळत नाही. आता हीच सिलिका ४५ टक्क्यांवर आणा. जाळी विरळ झाली. अशी काच पाण्यात, रक्तात पडली की सोडियम बाहेर पळतं. त्यामुळे आजूबाजूचं पाणी अल्कधर्मी होतं, म्हणजे चुन्याच्या निवळीसारखं होतं. काचेच्या पृष्ठभागावर सिलिकाचा जेलीसारखा थर उरतो. त्या थरावर कॅल्शियम आणि फॉस्फेट येऊन बसतं आणि हळूहळू त्याचे स्फटिक होतात. हे स्फटिक म्हणजे जवळपास आपल्या हाडातलंच खनिज. हाडाच्या पेशींना ते ओळखीचं वाटतं. त्या येऊन चिकटतात आणि काच जसजशी विरघळते तसतसं तिच्या जागी हाड भरत जातं.

विरघळणारी काच. हा शब्द लक्षात ठेवा.

आता जरा माझ्या मामाच्या बागेत चला.

नाशिकच्या मंडळींना बोर्डो सांगायला नको. पण पुणे-मुंबईवाल्यांसाठी आणि परदेशातून ऐकणाऱ्यांसाठी सांगते. द्राक्षावर डावणी नावाचा रोग येतो, तो आला की पानं, घड सगळं जातं. त्यावर बोर्डो मिश्रण फवारतात. एक टक्क्याचं मिश्रण म्हणजे शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि साधारण तेवढाच चुना. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट, निळे खडे. फ्रान्समध्ये बोर्डोच्या परिसरात रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद-चुना मारायचे, तो कशासाठी, तर द्राक्षं चोरणाऱ्यांनी घाण दिसणारे घड तोडू नयेत म्हणून! मिलार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की या वेलींवर डावणी दिसत नाहीये. १८८५ मध्ये त्यांनी ते जगाला सांगितलं. म्हणजे चोरांमुळे लागलेला शोध.

पण मुद्दा चुन्याचा आहे. नुसता मोरचूद पाण्यात घालून पानावर मारला तर? पान जळतं. कारण सगळं तांबं एकदम सुटतं. रोगही मरतो, पानही मरतं. चुना घातला की तांब्याचं असं संयुग होतं जे पाण्यात फारसं विरघळत नाही. ते पानाला चिकटून राहतं. पहाटे दव पडलं, पाऊस आला, की त्यातून थोडंसं तांबं सुटतं. पुन्हा दव, पुन्हा थोडंसं. बुरशीला पुरेसं, पानाला सोसेल एवढं.

मामा मिश्रण केल्यावर त्यात लोखंडी विळा बुडवून बघतो. विळ्यावर तांबूस थर चढला तर मोकळं तांबं शिल्लक आहे, चुना कमी पडला. अजून चुना. विळा स्वच्छ निघाला की फवारणीला हरकत नाही. हे तो कुठल्या पुस्तकात शिकलेला नाही, त्याच्या वडिलांकडून शिकला.

म्हणजे बघा, ज्या माणसाला पानावर मोकळं तांबं घालायचं नाही हे इतकं पक्कं माहीत आहे, त्याने स्वतःच्या जखमेत मोकळं तांबं घातलं. मी त्याला हे बोलले तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘पू थांबत नव्हता गं.’ यावर मला काही बोलता आलं नाही.

तर जंतू मारणारी बायोॲक्टिव्ह काच म्हणजे हाडासाठीचं बोर्डो, असं मी स्वतःला समजावलं. चुन्याच्या जागी काच. काच भट्टीत वितळवताना तिच्यात तांब्याचं, चांदीचं किंवा जस्ताचं ऑक्साइड थोड्या टक्क्यांत मिसळतात. तेराशे-चौदाशे अंशांवर सगळं एकजीव होतं आणि धातूचे अणू त्या सिलिकाच्या जाळीत अडकतात. थंड करून, दळून, चाळून दाणे करतात. भट्टी न लावता रसायनांपासून जेल बनवून ते त्यापेक्षा कमी तापमानाला भाजायचीही एक पद्धत आहे, सोल-जेल नावाची. हाडाच्या पोकळीत हे दाणे भरले की काच विरघळायला लागते, आणि जाळी सुटेल तसतसे धातूचे आयन बाहेर पडतात. आयन म्हणजे विद्युतभार असलेला अणू. पाण्यात फिरतो आणि जंतूला गाठतो तो हाच.

आणि काचेत एक सोय अशी आहे की सुटण्याचा वेग तुम्ही ठरवू शकता. दाणा बारीक केला की वेग वाढतो. सिलिका वाढवली की कमी होतो. सिलिकाच्या जागी बोरॉनची काच केली तर आणखी वेगाने विरघळते. अमेरिकेत बोरॉनच्या काचेचे तर चक्क तंतू काढलेत, कापसासारखे. दिसायला आपल्या जत्रेतले म्हातारीचे केस! ते बऱ्या न होणाऱ्या जखमेत भरायचे, मधुमेही पायाच्या जखमेत वगैरे. त्याला तिथे परवानगीही मिळाली आहे.

धातू जंतूला मारतात कसे? प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. चांदी प्रथिनांतल्या गंधकाला जाऊन चिकटते, आणि गंधक अडकलं की त्या प्रथिनाचं काम बंद. तांबं दोन रूपांत उलटसुलट होत राहतं आणि त्या उलाढालीत ऑक्सिजनची अशी आक्रमक रूपं तयार होतात की जंतूचं कवच, डीएनए, सगळं जळतं. जस्ताचा तोल बिघडला की जंतूची एन्झाइम्स गडबडतात. अँटिबायोटिक बहुतेक वेळा एका जागी वार करतं. धातू एकाच वेळी अनेक जागी. म्हणून अँटिबायोटिकला न जुमानणाऱ्या जंतूंवरही ते चालू शकतात. मामाच्या कागदावरचे ते आर आठवतायत ना? आशा आहे ती तिथे.

थांबा, लगेच खूश होऊ नका. चांदीला न जुमानणारे जंतूही आहेत. १९७०च्या दशकात अमेरिकेत बॉस्टनच्या भाजलेल्या रुग्णांच्या वॉर्डात ते सापडले, कारण तिथे चांदीचं औषध सर्रास वापरत होते. म्हणजे ‘धातूला जंतू सरावतच नाहीत’ असं कुणी रीलमध्ये सांगत असेल तर ते चूक आहे. सरावणं अवघड जातं, एवढंच.

आपल्याकडे तांब्या-पितळेचं हे सगळं नवीन वाटायचं कारण नाही. नाशिकला तांबट लेन आहे, भांडी बाजार आहे, माझ्या आजीचा हंडा तिथलाच. रात्री तांब्याच्या भांड्यात पाणी भरून ठेवायचं हे आपण ऐकत आलोय. बेंगळुरूच्या संशोधकांनी २०१२ मध्ये ते तपासून बघितलं. जुलाबाचे जंतू घातलेलं पाणी तांब्याच्या भांड्यात १६ तास ठेवलं, आणि जंतू सापडेनासे झाले. पाण्यात उतरलेलं तांबंही जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेच्या खूप खाली होतं. छान. पण त्याच हंड्यात ताक ठेवलं तर? ताक कळकतं. ‘कळकणं’ हा शब्द तुमच्यापैकी किती जणांना माहीत आहे, कमेंटमध्ये सांगा. आंबट पदार्थाने तांबं भराभर सुटतं, चव विचित्र होते, पोट बिघडतं. म्हणून भांड्याला कल्हई. पाण्याला चालतं ते ताकाला चालत नाही, आणि दोन्हींत तांबं तेच.

हाच प्रश्न काचेवाल्या संशोधकांचा आहे. किती धातू घालायचा? जास्त घातला तर हाडाच्या पेशी मरतात, मामाच्या मांसासारख्या. कमी घातला तर जंतू मरत नाहीत, उलट त्यांना सराव मिळतो. मधला पट्टा अरुंद आहे.

लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये, जिथे हेंच नंतर गेले होते, ३ टक्के चांदीचं ऑक्साइड असलेली काच करून बघितली गेली. २००२ मध्ये ते काम छापून आलं. तीन नामांकित उपद्रवी जंतूंवर ती चालली. चांदी नसलेली तीच काच तितकी चालली नाही. हल्ली ब्रिटनमधल्याच अ‍ॅस्टन विद्यापीठात वेगळा विचार चालू आहे: एकच धातू भरपूर घालण्यापेक्षा दोन धातू थोडे थोडे घातले तर? तांबं, जस्त आणि कोबाल्ट यांच्या जोड्या करून पाहिल्या, तर काही जोड्यांचा परिणाम एकेकट्या धातूच्या शंभरपटीहून जास्त दिसला. मला हे काम फार आवडलं, कारण त्यातून तो अरुंद पट्टा रुंद होण्याची शक्यता दिसते. पण हे प्रयोगशाळेतल्या जंतूंवर. माणसाच्या हाडात नाही.

आणि इथे मी थोडी चिडणार आहे. ‘काचेने मारला ९९ टक्के जंतू’ अशी बातमी येते, आपण फॉरवर्ड करतो. प्लेटमधला जंतू मरणं आणि नडगीतला जंतू मरणं यांत फार अंतर आहे. नडगीत रक्त आहे, त्यातली प्रथिनं आणि क्लोराइड चांदीला पकडून बसतात. नडगीत जंतू एकेकटे फिरत नाहीत, रॉडवर आणि मेलेल्या हाडावर चिकट थर करून राहतात. त्याला बायोफिल्म म्हणतात, नदीतल्या दगडावरचं शेवाळ असतं ना, तसं. आणि मेलेल्या हाडात रक्तच पोचत नाही, मग शिरेतून दिलेलं अँटिबायोटिक तिथे पोचणार कसं? म्हणून सर्जन आधी ते मेलेलं हाड खरवडून काढतात, रक्त दिसेपर्यंत. ते काम नीट झालं नाही तर वर सोन्याची काच घातली तरी उपयोग नाही.

प्रत्यक्ष माणसांत काय झालंय? फिनलंडमध्ये तुर्कू शहरात तयार झालेली एक काच आहे, एस५३पी४ नावाची. तिच्यात ५३ टक्के सिलिका. गंमत म्हणजे हिच्यात तांबं, चांदी काहीच नाही. ती सोडियम आणि कॅल्शियम सोडते, भोवतालचं पाणी इतकं अल्कधर्मी आणि खारट करते की जंतूंना तिथे जगणं अवघड होतं. मोरचूद वगळून नुसत्या चुन्यावर भागवल्यासारखं. हाडाच्या जुनाट संसर्गात ती युरोपात वापरतात. २०१७ मध्ये वेगवेगळ्या देशांतल्या ११ केंद्रांमधल्या ११६ रुग्णांची पाहणी छापून आली, त्यात ९० टक्के लोकांत उपचार यशस्वी ठरला. आकडा चांगला आहे. पण ही मागे वळून केलेली पाहणी होती, काच न वापरलेल्या लोकांचा गट शेजारी ठेवून तुलना केलेली नव्हती. आणि त्या सगळ्यांचं मेलेलं हाड काढलेलं होतंच. मग यशातला किती वाटा काचेचा आणि किती सर्जनच्या हाताचा? ते या आकड्यावरून वेगळं काढता येत नाही.

धातू घातलेल्या काचेचं बरंचसं काम अजून पेशी आणि प्राण्यांच्या पातळीवर आहे. आपल्या देशातही काचेवर काम चालतं. कोलकात्याला केंद्रीय काच आणि सिरॅमिक संशोधन संस्था आहे, तिरुवनंतपुरमला श्री चित्रा संस्था आहे, जिथे हाड भरायला हाडातलं खनिज आणि बायोॲक्टिव्ह काच यांचं मिश्रण तयार केलं गेलं. आणि आपल्या ट्रॉम्बेला, भाभा अणुसंशोधन केंद्रात, लोह आणि जस्त घातलेल्या चुंबकीय बायोॲक्टिव्ह काचेवर काम झालंय. तिचा हेतू वेगळा: हाडाच्या कॅन्सरच्या जागी ठेवायची आणि बाहेरून चुंबकीय क्षेत्र लावून तापवायची. अणुऊर्जावाले हाडाच्या काचेवर काम करतात हे मला माहीतच नव्हतं. मग आठवलं, हेंचसुद्धा रेडिएशनवरूनच इकडे आले होते.

एक मर्यादा राहिली. काच ती काच, ठिसूळ. मांडीचा रॉड काचेचा होणार नाही. म्हणून दाणे, पुट्टी, तंतू, किंवा धातूच्या इम्प्लांटवर लेप, असेच तिचे उपयोग.

मामाचं पुढे काय झालं, हे तुम्ही विचारणारच. त्याला काच नाही घातली. आत्ता त्याच्यासाठी जे हाताशी होतं, ते केलं. रॉड काढला, मेलेलं हाड काढलं, बाहेरून रिंगा बसवल्या, इलिझारोव्ह पद्धतीच्या, आणि पोकळीत अँटिबायोटिक घातलेले मणी भरले. कॅल्शियम सल्फेटचे, म्हणजे आपल्या ओळखीचं प्लास्टर ऑफ पॅरिसच. पूर्वी यासाठी बोन सिमेंटचे मणी वापरत, आजही वापरतात. ते विरघळत नाहीत, म्हणून काढायला पुन्हा ऑपरेशन. हे विरघळतात. विरघळताना जखमेतून पांढरट पाणी गळायचं आणि आम्ही प्रत्येक वेळी घाबरायचो, की परत पू. डॉक्टर म्हणायचे, मण्यांचं पाणी आहे, थांबा. खरंच थांबलं.

मी डॉक्टरांना विचारलं होतं, काच का नाही? ते म्हणाले, ‘मला काचेचं वावडं नाही. पण या पायात मेलेलं हाड काढणं हे नव्वद टक्के काम आहे, भरतो काय ते उरलेलं दहा.’ आकडे त्यांनी बोलताबोलता फेकलेले, मोजलेले नव्हेत. पण मला पटलं.

तुमच्या घरात कुणाला हाडाचा असा संसर्ग असेल तर डॉक्टरांना विचारायचे चार प्रश्न सांगते, हे मला उशिरा सुचले होते. जंतूचं नाव काय आणि कल्चर हाडाच्या तुकड्याचं घेतलंय की नुसत्या वरच्या पुवाचं? वरच्या पुवात कातडीवरचे दुसरेच जंतू सापडू शकतात. मेलेलं हाड शिल्लक आहे का? पोकळी कशाने भरणार, आणि ते आपोआप विरघळेल की काढावं लागेल? आणि शुगर तपासली का? मामाची शुगर वाढलेली होती, आणि तो अपघात होईपर्यंत आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.

आणि कृपा करून जखमेत मोरचूद, हळदीत कालवलेली भस्मं, तांब्याची नाणी, काही काही घालू नका. घातलंच असेल तर ड्रेसिंगला जाताना सांगा. मामाने लपवलं, म्हणून डॉक्टर दोन दिवस त्या पांढऱ्या कडेचं कारण शोधत होते.

रिंगा जवळपास वर्षभर होत्या. गेल्या ऑक्टोबर छाटणीला मी गेले होते तेव्हा मामा काठी घेऊन बागेत उभा होता. पाय थोडा आखूड झालाय, बुटाला आतून जाड तळवा लावलाय. ड्रममध्ये बोर्डो तयार होत होतं. त्याने विळा बुडवला, बाहेर काढला, माझ्यापुढे धरला. ‘बघ, आलंय का तांबं?’ नव्हतं आलं. ‘मग तुमच्या त्या काचेत विळा कुठून बुडवणार? मोकळं तांबं किती हे कसं कळणार?’

मी म्हटलं, मामा, हाच प्रश्न ते लोक सोडवतायत. काच शरीरातल्या द्रवासारख्या पाण्यात ठेवतात, रोज थोडं पाणी काढतात आणि त्यात किती तांबं उतरलं ते यंत्रावर मोजतात.

‘रोज?’

‘रोज. कित्येक आठवडे.’

‘मग बरोबर करतायत,’ म्हणाला, आणि पंपाकडे वळला.

तर मंडळी, ‘कळकणं’ तुमच्या घरी अजून म्हणतात का, ते कमेंटमध्ये नक्की लिहा. टूथपेस्टच्या पाकिटावर ते लांबलचक नाव सापडलं तर फोटो पाठवा. पुढच्या भागात रिंगांबद्दल बोलू, सायबेरियातल्या एका डॉक्टरने हाड लांबवायची युक्ती कशी काढली त्याबद्दल. तोवर हेल्मेट घाला, आणि रात्री त्या रस्त्याने जाणार असाल तर सावकाश. भेटूया.